स्वयंपाकघरातील मिक्सर : सूप आणि स्मूदी यांच्या संदर्भात यंत्र, पदार्थ व पोषण यांचा विचार

गोषवारा

मिक्सर हे आज शहरी व निमशहरी मराठी घरातील नित्याच्या वापराचे उपकरण झाले आहे. तथापि त्याकडे प्रामुख्याने श्रम वाचविणारे साधन म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात सूप व स्मूदी या दोन पदार्थांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, मिक्सर अन्नाचा केवळ आकार बदलतो. परंतु आकारातील या बदलामुळे पदार्थाचा पोत, त्यातील रासायनिक क्रिया, तृप्तीची भावना आणि सुरक्षितता या सर्वांवर परिणाम होतो. साधा घरगुती मिक्सर या दोन्ही पदार्थांसाठी पुरेसा आहे. मात्र तापमान, द्रवाचे प्रमाण, घटकांचा क्रम आणि गाळण्याचा निर्णय या बाबी वापरणाऱ्याने जाणीवपूर्वक ठरविणे आवश्यक आहे.

बीजशब्द : मिक्सर, सूप, स्मूदी, श्यानता, तंतुमय पदार्थ, विकरे, अन्नसुरक्षा

१. प्रस्तावना

अन्न वाटून किंवा घुसळून पातळ करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुगाचे कढण, टोमॅटोचे सार, कैरीचे पन्हे, पीयूष, केळ्याचे शिकरण हे पदार्थ मिक्सर येण्यापूर्वीपासून घरोघरी होत आले आहेत. पाटा-वरवंटा, खलबत्ता, रवी आणि पुरणयंत्र ही त्यांची साधने होती. आजचे सूप व स्मूदी हे शब्द परके असले तरी पदार्थाची मूळ कल्पना ओळखीचीच आहे. फरक पडला आहे तो वेगात आणि बारीकपणात. शिकरण करताना केळे हाताने कुस्करले जाते व त्याच्या फोडी तोंडात जाणवतात. तेच केळे दुधासह मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरविले की चावण्यासारखे काहीच उरत नाही.

हा फरक वरवरचा नाही. भाजी किंवा फळ ही पेशींची रचना असते, आणि ती रचना कोणत्या अवस्थेत, किती प्रमाणात मोडली जाते यावर पुढील अनेक गोष्टी अवलंबून असतात. या प्रश्नाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आहारशास्त्र व आरोग्यशास्त्र अशा चार बाजू आहेत. म्हणूनच एका सामान्य उपकरणाचा हा विचार बहुविद्याशाखीय स्वरूपाचा ठरतो.

२. मिक्सरची वाटचाल

भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसविण्याची कल्पना अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील स्टीफन पॉपलॉव्स्की यांनी १९२२ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. तिचा उद्देश माल्टयुक्त दुधाची पेये घुसळणे हा होता. फ्रेड ओसियस यांनी सुधारलेले आणि वाद्यवृंदाचे संचालक फ्रेड वेअरिंग यांच्या पाठबळाने तयार झालेले यंत्र १९३७ मध्ये बाजारात आले व पुढे वेअरिंग यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. म्हणजे पाश्चात्त्य ब्लेंडरचा जन्मच मुळी पेयांसाठी झाला.

या यंत्राने प्रयोगशाळेतही स्थान मिळविले. १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्षी आणि मार्था चेस यांनी जीवाणूंच्या पृष्ठभागावर चिकटलेली विषाणूंची प्रथिन-आवरणे सुटी करण्यासाठी अशाच ब्लेंडरचा उपयोग केला. आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते या निष्कर्षाला त्या प्रयोगाने मोठे बळ दिले. बाहेरचे आवरण सुटावे, पण जीवाणू अखंड राहावा, इतकाच आघात त्या प्रयोगाला हवा होता. किती फिरवावे याला किती महत्त्व आहे, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

भारतीय स्वयंपाकघराची गरज वेगळी होती. इडलीसाठी भिजविलेली डाळ, ओले खोबरे, सुके मसाले वाटण्याचे काम पेयांसाठी बनविलेल्या यंत्राला पेलणारे नव्हते. १९६० च्या दशकात मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी विकसित केलेल्या ‘सुमीत’ मिक्सरने ही अडचण दूर केली. दणकट मोटर, पोलादी भांडी आणि ओल्या-सुक्या वाटणासाठी निरनिराळी पाती ही भारतीय मिक्सरची ओळख ठरली. त्यामुळे आपल्याकडील मिक्सर हा वाटणयंत्र आणि पेययंत्र यांचा संयोग आहे. सूप व स्मूदीसाठी त्याचे मोठे भांडे वापरावे लागते, चटणीचे नव्हे.

३. यंत्राची रचना व मर्यादा

घरगुती मिक्सरची मोटर साधारणतः ५०० ते ७५० वॅटची असते. ही मोटर ‘युनिव्हर्सल’ प्रकारची असून भार नसताना तिचा वेग मिनिटाला सुमारे १८,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणजेच सेकंदाला ३०० फेरे होतात. पात्याचा व्यास ६ सेंटिमीटर धरल्यास त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. पाते धारदार असते म्हणूनच केवळ पदार्थ बारीक होतो असे नाही. या वेगाने होणारा आघात आणि द्रवाच्या थरांमधील वेगाची तफावत यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

अशा मोटरीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटर फिरत असताना तिच्यातच पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यामुळे वीजप्रवाह मर्यादित राहतो. घट्ट मिश्रणात पाते मंदावले की हा विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि गुंडाळी तापते. तापलेल्या वार्निशचा वास येणे ही त्याचीच खूण होय. बहुतेक मिक्सरच्या तळाशी असलेले लाल बटण अशा वेळी उडून प्रवाह खंडित करते. यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच ते पुन्हा दाबावे. ते वारंवार उडत असल्यास दोष यंत्राचा नसून बहुधा मिश्रणात द्रव कमी पडल्याचा असतो. म्हणून मिक्सर सलग न चालविता मधे विश्रांती देत चालवावा आणि उत्पादकाने पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळावी. भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. ४२५० हे मानक घरगुती मिक्सरसाठी आहे. खरेदीच्या वेळी त्याचे चिन्ह पाहणे हिताचे असते.

साध्या मिक्सरमध्ये सूप ‘शिजविता’ येईल काय, असा प्रश्न काही वेळा विचारला जातो. दोन अश्वशक्ती किंवा त्याहून शक्तिशाली ब्लेंडर केवळ घर्षणाने सूप गरम करतात, ही वस्तुस्थिती आहे. साध्या मिक्सरचा हिशेब मात्र वेगळा आहे. ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटे चालला तर ६०,००० ज्यूल ऊर्जा खर्च होते. ही सर्व ऊर्जा एक किलोग्रॅम पाण्यात उतरली असे मानले तरी तापमान जेमतेम १४ अंश सेल्सिअसने वाढेल. प्रत्यक्षात मोटरीतच बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात असल्याने वाढ त्याहून कमी होते. त्यामुळे सूप शेगडीवरच शिजवावे. मात्र हीच थोडीशी वाढ स्मूदीला बाधक ठरते, कारण थंड पेय जितके अधिक फिरवावे तितके ते कोमट होत जाते.

४. भोवरा, घट्टपणा आणि हवेची पोकळी

मिक्सर नीट चालतो तेव्हा भांड्याच्या मध्यभागी भोवरा तयार होतो. पाते द्रवाला बाहेर ढकलते, द्रव भिंतीवरून वर चढतो आणि मधल्या खळग्यातून पुन्हा पात्याकडे येतो. या अभिसरणामुळे प्रत्येक तुकडा वारंवार पात्याखाली जातो. भोवरा नसेल तर तळाचा भाग अतिबारीक आणि वरचा भाग जाडाभरडा राहतो.

टोमॅटोचा रस्सा, शिजलेल्या डाळीचे किंवा भोपळ्याचे वाटण यांचा घट्टपणा, म्हणजेच श्यानता, स्थिर नसते. असे मिश्रण ढवळले की पातळ होते आणि स्थिरावले की पुन्हा घट्ट होते. त्यामुळे पात्याभोवतीचा थोडासा भाग पातळ होऊन फिरत राहतो व भिंतीलगतचा भाग जागचा हलत नाही. पुढे पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते, मोटरीचा आवाज एकदम वाढतो आणि वाटण्याची क्रिया थांबते. आवाजातील हा बदल यंत्र मोकळे फिरत असल्याची सूचना होय. अशा वेळी वेग वाढविणे निरुपयोगी असते. मिक्सर बंद करून, प्लग काढून, मिश्रण पळीने खालीवर करावे; थोडा द्रव घालावा आणि क्षणभर चालू, क्षणभर बंद अशा झटक्यांनी पुन्हा सुरुवात करावी. चालू मिक्सरमध्ये चमचा घालणे सर्वथा वर्ज्य आहे.

५. सूप : उष्णता, वाफ आणि पोत

५.१ वाफेचा दाब

मिक्सरमुळे होणाऱ्या भाजण्याच्या अपघातांत गरम सूप हे महत्त्वाचे कारण असते आणि त्यामागील शास्त्र सोपे आहे. भांड्यात गरम सूप ओतून झाकण लावले जाते तेव्हा वरच्या रिकाम्या जागेत तुलनेने थंड हवा असते. पाते सुरू होताच गरम द्रव त्या हवेत उडतो. हवा एकदम तापून प्रसरण पावते आणि तिच्यात पाण्याची वाफही मिसळते. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४ किलोपास्कल असतो. ९० अंशांना तो सुमारे ७० किलोपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक होतो.

झाकण एवढा दाब साठू देत नाही, त्याआधीच ते उडते. झाकणाखालील दाब बाहेरच्यापेक्षा केवळ ५ टक्क्यांनी वाढला तरी १२ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे सहा किलोग्रॅम वजनाइतका जोर खालून पडतो. हाताने सहज दाबून धरलेले झाकण का उसळते, हे यावरून स्पष्ट व्हावे. उसळलेले सूप हातावर व तोंडावर येते, आणि घट्ट सूप त्वचेला चिकटून राहत असल्याने पाण्यापेक्षा अधिक खोल भाजते.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. भाज्या शिजल्यावर त्यांतील पाणी वेगळे काढून ठेवावे आणि केवळ भाज्या थंड पाण्यासह वाटाव्यात. ९० अंशांच्या ३०० ग्रॅम शिजलेल्या भाजीत २५ अंशांचे तेवढेच पाणी घातले तर मिश्रणाचे तापमान सुमारे ५७ अंशांवर येते आणि बाष्पदाब मूळच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. वाटण झाल्यावर काढून ठेवलेले पाणी मिसळून सूप पुन्हा उकळावे. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे व क्षारही यामुळे वाया जात नाहीत. याखेरीज भांडे निम्म्याहून अधिक भरू नये. झाकणाच्या मधोमध छोटे टोपण असल्यास ते काढून त्यावर जाड फडक्याची घडी धरावी. आणि सुरुवात नेहमी सर्वांत कमी वेगाने करावी. चटणीच्या लहान, घट्ट झाकणाच्या भांड्यात गरम द्रव कधीही फिरवू नये.

५.२ पोत

कच्ची आणि शिजलेली भाजी मिक्सरमध्ये वेगळ्या प्रकारे मोडते. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना पेक्टिन या पदार्थाने जोडलेल्या असतात. शिजताना पेक्टिन विरघळू लागते आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. म्हणून शिजलेल्या गाजराच्या सुपात पुष्कळशा पेशी अखंड राहतात व सूप मऊ, एकजीव लागते. कच्च्या गाजरात मात्र जोड मजबूत असल्याने पेशीच फाटतात, रस बाहेर येतो आणि चोथा वेगळा पडतो. सुपासाठी भाजी पुरेशी शिजविणे हा म्हणूनच वाटण्याच्या वेळेपेक्षा अधिक महत्त्वाचा टप्पा आहे.

बटाट्याच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. शिजलेल्या बटाट्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगलेले असतात. मिक्सरच्या वेगाने ते फुटले की मोकळा झालेला स्टार्च सूप चिकट, खळीसारखे करतो. बटाटा घट्टपणासाठी वापरायचा असेल तर तो शेवटी घालून दोन-तीन झटकेच द्यावेत, किंवा हाताने कुस्करून मिसळावा.

६. स्मूदी : क्रम, बर्फ आणि विकरे

६.१ घटकांचा क्रम

स्मूदी म्हणजे फळ, दूध किंवा दही आणि क्वचित बर्फ यांचे न गाळलेले दाट मिश्रण होय. साध्या मिक्सरमध्ये तळाशी द्रव, त्यावर मऊ फळे आणि सर्वांत वर गोठलेले तुकडे हा क्रम ठेवला तर भोवरा लगेच तयार होतो. उलट क्रमात गोठलेले तुकडे पात्यात अडकतात. बर्फाचे मोठे खडे पात्याला व मोटर जोडणाऱ्या रबरी भागाला झीज आणतात. ते आधी फोडून घालणे किंवा फळाचेच लहान तुकडे गोठवून वापरणे अधिक चांगले. नंतरच्या पद्धतीत पेय थंड होते, पण पाणचट होत नाही.

६.२ विकरांची करामत

फळ कापताना किंवा वाटताना पेशी फुटतात, आणि पेशीत एरवी अलग असलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात. सफरचंद किंवा केळे काळपट पडण्यामागे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर असते. हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने ते फळातील पॉलिफिनॉल संयुगांचे रूपांतर तपकिरी द्रव्यांत करते. मिक्सर पेशी फोडतो आणि हवाही मिसळतो, त्यामुळे ही क्रिया वेग घेते. लिंबाच्या रसातील आम्ल व ‘क’ जीवनसत्त्व तिला काही काळ रोखतात.

हा प्रश्न केवळ रंगाचा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केळे घालून केलेल्या स्मूदीतून शरीराला मिळणारे फ्लॅव्हनॉलचे प्रमाण, हे घटक कॅप्सूलच्या रूपात घेतले असता मिळणाऱ्या प्रमाणापेक्षा ८४ टक्क्यांनी कमी आढळले. केळ्यातील हेच विकर त्यास कारणीभूत मानले गेले. याचा अर्थ केळे टाळावे असा नाही. पोटॅशियम व तंतुमय पदार्थ यांचा तो उत्तम स्रोत आहे. एका पेल्यात सर्व पोषक घटक एकत्र केले की त्यांची बेरीज होतेच, हा समज मात्र त्यामुळे बाद ठरतो.

दुधातील पपईचा अनुभव तर सर्वपरिचित आहे. ताजे असताना गोड लागणारे पपईचे मिल्कशेक तासाभराने कडवट होते. पपईतील पपेन हे विकर दुधातील केसीन या प्रथिनाचे तुकडे करते आणि त्यांतील काही तुकडे चवीला कडू असतात. ताज्या अननसातील ब्रोमेलिन व किवीतील ॲक्टिनिडिन यांचेही कार्य असेच असते. अशी पेये करताच प्यावीत, किंवा दूध अगदी शेवटी मिसळावे.

७. पोषण : मिक्सर आणि गाळणी यांतील भेद

‘मिक्सरमध्ये वाटल्याने फळातील चोथा नष्ट होतो’ असे विधान वारंवार ऐकू येते. ते अचूक नाही. मिक्सर चोथा बारीक करतो. तो काढून टाकते ती गाळणी. न गाळलेल्या स्मूदीत फळातील तंतुमय पदार्थ जवळजवळ सर्व असतात, गाळलेल्या रसात ते बहुतांशी नसतात. टोमॅटोचे सूप गाळताना उरणारी साले व गर फेकून देण्याचा निर्णय यंत्राचा नसतो.

तरीही बारीक केलेले फळ व अखंड फळ एकच, असे म्हणता येत नाही. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेबर, हीटन व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा व्यक्तींना समान कर्बोदके असलेले सफरचंद अखंड, गर आणि रस या तीन रूपांत देण्यात आले. रस अखंड फळापेक्षा अकरा पट आणि गरापेक्षा चौपट वेगाने संपविला गेला. तृप्ती अखंड फळाने सर्वाधिक आणि रसाने सर्वांत कमी झाली. गर मधोमध राहिला. रस व गर यांनंतर रक्तातील इन्सुलिनही अखंड फळाच्या तुलनेत अधिक वाढले. चावण्यास लागणारा वेळ हाही आहाराचा एक घटक आहे, हे या अभ्यासातून दिसते.

पुढील संशोधनाने या चित्रात भर घातली. २०२२ मध्ये तरुण, निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात सफरचंद व ब्लॅकबेरी एकत्र वाटून दिल्यावर रक्तशर्करेची कमाल पातळी तीच फळे अखंड खाल्ल्यानंतरच्या पातळीपेक्षा कमी आढळली. बिया भरडल्या गेल्याने त्यांतील तंतू व इतर संयुगे मोकळी होत असावीत, असे संभाव्य स्पष्टीकरण त्यासाठी देण्यात आले. यावरून वाटणे म्हणजे हमखास अपायकारक असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. फळ कोणते, त्यात बिया आहेत काय आणि पेल्यात ते किती घातले आहे, यांवर उत्तर अवलंबून असते.

सुपाच्या बाबतीत चित्र अधिक अनुकूल आहे. २००७ मध्ये फ्लड आणि रोल्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जेवणापूर्वी सूप घेतल्याने त्या जेवणातील एकूण ऊर्जेचे सेवन सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले, आणि सूप तुकड्यांचे होते की पूर्ण वाटलेले, याने लक्षणीय फरक पडला नाही. गरम सूप चमच्याने, सावकाश घेतले जाते आणि त्यात पाण्याचे प्रमाण अधिक असते. थंड, गोड स्मूदी मात्र काही घोटांत संपते. शिवाय टोमॅटोतील लायकोपीन शिजविल्याने, बारीक केल्याने आणि सोबत थोडे तेल किंवा तूप असल्याने शरीरात अधिक शोषले जाते. सुपावर घातलेली चमचाभर तुपाची फोडणी केवळ चवीपुरती नसते.

साखरेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्याची शिफारस केली. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. फळांचा रस, मध व वरून घातलेली साखर या सर्वांची गणना त्यात होते. पिकलेल्या हापूस आंब्याच्या किंवा चिकूच्या मिल्कशेकमध्ये तीन-चार चमचे साखर घालण्याची प्रथा या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्याच्या मार्गदर्शनानुसार तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरपर्यंतच मर्यादा सुचविली जाते. आपल्याकडील एक मोठा पेला त्याच्या जवळपास दुप्पट असतो.

८. मिक्सर ज्या गोष्टी झाकतो

वाटण्याचा एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. अनेक घटक एकजीव झाले की एखाद्या घटकाची चव लपते. दुधी भोपळ्याच्या बाबतीत हे प्राणघातक ठरू शकते. काही दुधी भोपळ्यांत कुकुरबिटॅसिन ही कडू, विषारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. कडू दुधीच्या रसाने तीव्र उलट्या, रक्तस्राव व मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या शिफारशी स्पष्ट आहेत : रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहावा, तो कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे, दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये, आणि त्रास झाल्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे. ‘कडू तेवढे औषधी’ ही समजूत येथे जिवावर बेतू शकते.

पालकाच्या कच्च्या स्मूदीबद्दलही तारतम्य हवे. पालकात ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते. एरवी एका बैठकीत खाता न येण्याइतकी पाने मिक्सरमुळे एका पेल्यात सामावतात. हिरव्या स्मूदीच्या अतिसेवनानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय साहित्यात झाली आहे. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे प्रयोग करू नयेत. पालक उकळून पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेटचा बराच अंश निघून जातो. पालकाच्या बाबतीत पाणी टाकणे आणि अन्य भाज्यांच्या बाबतीत ते राखणे, असा हा विवेक आहे. राजम्याचे सूप करतानाही दाणे भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण शिजवूनच वाटावेत. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन वाटल्याने नाहीसे होत नाही.

९. ज्यांच्यासाठी मिक्सर ही गरज आहे

दात नसलेले वृद्ध, पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास होणारे रुग्ण आणि जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी वाटलेले अन्न हा आवडीचा विषय नसून जगण्याचा आधार असतो. येथे पोत नेमका असणे अत्यावश्यक ठरते. फार पातळ द्रव श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, तर एखादी गुठळी घशात अडकू शकते. यासाठी अलीकडे ० ते ७ अशा आठ पातळ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरले जाते. त्यातील एका सोप्या चाचणीत ठराविक मापाच्या १० मिलिलिटर सिरिंजमधून द्रव १० सेकंद वाहू देऊन किती उरला ते पाहतात. रुग्णाला कोणती पातळी योग्य हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते. घरच्यांनी ती पातळी दररोज सारखी राखावयाची असते. या ठिकाणी गाळणीचा वापर योग्य असून तो सुरक्षिततेसाठी असतो.

अशा आहारातील दुसरा धोका कुपोषणाचा आहे. जेवण मिक्सरमध्ये फिरावे म्हणून त्यात पाणी वाढविले जाते. पोट भरते, पण ऊर्जा व प्रथिने कमी पडतात. पाण्याऐवजी दूध, ताक, डाळीचे दाट वरण किंवा तूप वापरून वाटण सैल केल्यास ही तूट बरीच भरून निघते. तसेच वरण, भाजी व भात एकत्र न फिरविता वेगवेगळे वाटून वाढल्यास प्रत्येकाची चव व रंग टिकतो. आजारी माणसाची अन्नावरची वासना टिकून राहण्यासाठी हे महत्त्वाचे आहे.

१०. निगा व स्वच्छता

पात्याखालील खाच आणि झाकणाची रबरी चकती या जागी दूध व फळांचे अंश साचतात आणि तेथे बुरशी व जीवाणू वाढतात. वापर होताच भांड्यात कोमट पाणी व साबणाचे दोन थेंब घालून २० ते ३० सेकंद फिरवावे. नंतर रबरी चकती काढून घासावी आणि भांडे उपडे ठेवून कोरडे करावे. मसाल्याचे व पेयाचे भांडे वेगळे असणे केवळ वासासाठी नव्हे, तर स्वच्छतेसाठीही इष्ट आहे. भांड्याच्या तळातून काळसर द्रव झिरपत असेल तर आतील सील झिजले असून ते त्वरित बदलावे.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) सूप व स्मूदी यांसाठी ५०० ते ७५० वॅटचा साधा मिक्सर पुरेसा आहे. उत्तम पोत शक्तीपेक्षा नीट शिजविणे, पुरेसा द्रव आणि योग्य क्रम यांवर अवलंबून असतो.

(२) गरम सूप वाटताना मुख्य धोका वाफेच्या दाबाचा आहे. थंड पाणी मिसळून तापमान उतरविणे, भांडे अर्धेच भरणे आणि वाफेला वाट ठेवणे हे त्यावरील खात्रीचे उपाय होत.

(३) मिक्सर तंतुमय पदार्थ काढून टाकीत नाही. परंतु चावणे वगळल्याने खाण्याचा वेग वाढतो व तृप्ती घटू शकते. फळ शक्य तेव्हा अखंड खावे, स्मूदी न गाळता, साखरेविना व मर्यादित प्रमाणात घ्यावी.

(४) जे अन्न अखंड स्वरूपात तपासता, चाखता व मोजता येते, ते मिक्सरमध्ये जाण्यापूर्वीच तपासले पाहिजे. कडू दुधी, कच्चा राजमा किंवा ढीगभर पालक एकदा वाटला गेला की ओळखता येत नाही.

(५) वृद्ध व रुग्ण यांच्यासाठी वाटलेल्या अन्नाचा पोत व पोषणमूल्य या दोन्ही बाबी सारख्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

मिक्सर क्षणार्धात वाटण करतो, परंतु काय वाटावे, किती वाटावे आणि कोणासाठी वाटावे या प्रश्नांची उत्तरे त्याचे बटण दाबण्यापूर्वीच दिलेली असावी लागतात.